कॅमेऱ्यासमोरचा माणूस : ‘द ऑफिस’ आणि मॉक्युमेंटरीचा विनोद

माहितीपटाचे रूप धारण करून येणाऱ्या काल्पनिक विनोदी कृतीस ‘मॉक्युमेंटरी’ असे म्हणतात. मराठीत तिला ‘विडंबन-माहितीपट’ हा शब्द वापरता येईल. परंतु आपल्याकडे विडंबन म्हटले की ‘झेंडूची फुले’ आठवतात, म्हणजे एखाद्या विशिष्ट कवितेचे वा काव्यप्रवृत्तीचे केलेले खट्याळ अनुकरण. मॉक्युमेंटरीत अशी मूळ रचना बहुधा नसते. कॅमेऱ्याने टिपले ते घडलेच असणार, या प्रेक्षकाच्या विश्वासाचेच ती अनुकरण करते. या प्रकाराच्या आकर्षणाचा उलगडा सामान्यतः ‘खोटे खऱ्यासारखे भासविण्याची गंमत’ असा केला जातो. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. फसवणुकीचा आनंद फसवणूक उघड होताच संपतो; या कृती मात्र सर्व काही रचलेले आहे हे ठाऊक असूनही पुनःपुन्हा पाहिल्या जातात.

निव्वळ फसवणुकीचे उदाहरण हवे असल्यास १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमात दाखविलेला वृत्तान्त घ्यावा. स्वित्झर्लंडमधील शेतकरी कुटुंब झाडांवरून स्पॅगेटी तोडीत आहे, असे त्यात दिसते. तो अनेकांना खरा वाटला, कारण त्यामागचा आवाज रिचर्ड डिम्बल्बी यांचा होता. त्या आवाजावर ब्रिटिश प्रेक्षकांची श्रद्धा होती. (मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट सक्तीने पाहिलेल्या आपल्या पिढ्यांना अशा निवेदनाचे वजन वेगळे सांगावयास नको.) येथे हसे होते ते प्रेक्षकाचे, आणि तेही एकदाच.

रॉब रायनर यांच्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ (१९८४) या चित्रपटात चित्र पालटते. उतरणीस लागलेल्या एका काल्पनिक इंग्रज रॉक वाद्यवृंदाचा अमेरिका-दौरा त्यात चित्रित झाला आहे. आपल्या ध्वनिवर्धकाच्या खुंटीवर दहाऐवजी अकरापर्यंत आकडे आहेत, याचा वादक नायजेलला अभिमान आहे. मग दहालाच आवाज मोठा का करीत नाही, असे मुलाखतकार विचारतो. नायजेल क्षणभर गप्प राहतो आणि पुन्हा अकराचाच दाखला देतो. या प्रसंगाचा सारा विनोद त्या विरामात आहे. रंगमंचावरील प्रहसनात लेखकाने त्याच्या तोंडी एखादे चटपटीत उत्तर घातले असते. येथे कॅमेरा नुसता थांबून राहतो आणि माणसाच्या मनात काहीच सापडत नसल्याचे आपण पाहतो. संवाद बव्हंशी नटांनी ऐन वेळी रचलेले असल्यामुळे तो विराम घोटून बसविलेला वाटत नाही.

आपण पाहिले जात आहोत याची पात्राला जाणीव आहे, आणि त्या जाणिवेनेच त्याचे बिंग फुटते, हे या विनोदाचे मूलतत्त्व होय. नाटकातल्या पात्राला प्रेक्षक ठाऊक नसतो. मॉक्युमेंटरीतील पात्र मात्र कॅमेऱ्यासाठी स्वतःची एक प्रतिमा उभी करीत असते आणि तोच कॅमेरा त्या प्रतिमेच्या चिरा टिपत असतो.

या तत्त्वाचा सर्वांत निर्दय उपयोग रिकी जर्व्हेस व स्टीफन मर्चंट यांच्या ‘द ऑफिस’ या बीबीसी मालिकेत आढळतो. २००१ ते २००३ या काळात तिचे एकूण चौदाच भाग झाले. स्लाव येथील एका कागद कंपनीची शाखा हे तिचे स्थळ. शाखाप्रमुख डेव्हिड ब्रेंट स्वतःला कर्मचाऱ्यांचा मित्र, विनोदवीर आणि तत्त्वज्ञ समजतो. १९९० च्या दशकात ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सामान्य माणसांच्या दैनंदिन कामकाजाचे मालिकावजा माहितीपट बोकाळले होते. त्यांतून एका रात्रीत प्रसिद्ध होणारी माणसे ब्रेंटने पाहिली असणारच. म्हणून कोणी हसले की त्याची नजर आधी कॅमेऱ्याकडे जाते. मालिकेत ध्वनिमुद्रित हशा नाही. केव्हा हसावे हे सांगणारे कोणी नसल्याने हसण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि ती सुखाची नसते. धर्मादाय निधीच्या दिवशी शहामृगाचे सोंग घेतलेल्या ब्रेंटला नोकरी गेल्याचे सांगितले जाते. पुढील भागात तो वरिष्ठांपुढे ती परत मिळावी म्हणून गयावया करतो. हसू तोंडावर असतानाच ते चुकीचे असल्याचे आपल्याला उमगते.

या विनोदात क्रौर्य आहे, हा आक्षेप म्हणूनच गंभीर आहे. त्याचे उत्तर मालिकेनेच दिले आहे, आणि तेही स्वतःच्या तंत्रातून. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस (२००२) टिम हा कर्मचारी मुलाखत अर्धवट सोडून उठतो, स्वागतिका डॉनला एका खोलीत नेतो आणि अंगावरचा मायक्रोफोन काढून टाकतो. ध्वनी बंद पडतो. काचेपलीकडे दोन माणसे बोलताना दिसतात. ती काय बोलली हे आपल्याला ऐकू येत नाही. टिम परततो, मायक्रोफोन लावतो आणि तिने नकार दिल्याचे एका वाक्यात सांगून टाकतो. माणसाच्या आयुष्यात कॅमेऱ्याच्या मालकीचे नसलेले काही असते, हे त्या शांततेइतके स्पष्ट कोणत्याही संवादाने झाले नसते. शिवाय ही शांतता माहितीपटाच्या रूपामुळेच शक्य झाली. साध्या विनोदी मालिकेत मायक्रोफोन दिसतच नाही. मग तो काढणार कोठून?

पुढे हे रूप सोयीचे झाले. अमेरिकी ‘द ऑफिस’ (२००५–२०१३) चांगली मालिका आहे, पण तिच्यात कॅमेऱ्याकडे टाकलेला कटाक्ष हळूहळू प्रेक्षकाशी केलेली सलगी बनतो. ‘मॉडर्न फॅमिली’त (२००९–२०२०) हे चित्रण कोण आणि कशासाठी करीत आहे, हा प्रश्नच उरत नाही. मुलाखती आहेत, मुलाखतकार नाही. पाहणारा नाहीसा झाला की पाहिले जाण्याची भीतीही जाते, आणि मागे उरतो तो गोड कौटुंबिक विनोद.

जेन रॉस्को व क्रेग हाइट यांनी ‘फेकिंग इट’ (२००१) या ग्रंथात अशा कृतींच्या तीन पायऱ्या कल्पिल्या आहेत : विडंबन, चिकित्सा आणि विरचना. मूळ ‘द ऑफिस’ पहिल्या पायरीवर आरंभ करून तिसरीपर्यंत पोहोचते, असे मला वाटते. डिसेंबर २००३ मधील नाताळच्या दोन विशेष भागांत असे गृहीत धरले आहे की, आपण पाहिलेला माहितीपट आता प्रसारित होऊन गेला आहे. ब्रेंट फिरता विक्रेता झाला आहे आणि संकलनाने आपल्याला मूर्ख ठरविले अशी तक्रार करतो आहे. आपण हसतो, कारण तो कसा आहे हे आपण स्वतः पाहिले आहे. परंतु काय पाहिले? कोणीतरी निवडलेले, जोडलेले तुकडे. माहितीपटावर घेता येणारा सर्वांत गंभीर आक्षेप मालिकेतील सर्वांत अविश्वसनीय माणसाच्या तोंडी येतो, आणि एका काल्पनिक कॅमेऱ्याच्या साक्षीवर विसंबून आपण तो तत्काळ फेटाळतो. ब्रेंटला त्याच्या बाजूने बोलणारा एकही तुकडा दाखविता येत नाही. उरलेले चित्रण त्याच्याजवळ नाही, आणि आपल्याजवळही नाही.