दिवाळं काढावं का, की कधी काढावं? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

वैयक्तिक दिवाळखोरी हा विषय संशोधनासाठी घेतलात तर एक पेपर टाळता येत नाही. स्कॉट फे, एरिक हर्स्ट आणि मिशेल व्हाइट यांचा ‘द हाउसहोल्ड बँकरप्सी डिसिजन’, 2002 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आलेला. त्याचं सार सहसा एका वाक्यात सांगतात: अमेरिकेतली कुटुंबं दिवाळखोरीचा अर्ज करतात ते संकट आलं म्हणून कमी, फायदा दिसतो म्हणून जास्त. हे वाक्य तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये उतरवण्याआधी पेपर जरा सावकाश वाचू या.

आधी त्यांनी केलं काय ते बघू. अर्ज केल्यावर जेवढं कर्ज माफ होईल, त्यातून हातची जाणारी मालमत्ता वजा करायची. उरला तो ‘आर्थिक फायदा’. किती मालमत्तेला हात लावायचा नाही, हे राज्यागणिक बदलतं. टेक्सास आणि फ्लोरिडात राहतं घर, किंमत कितीही असो, वाचू शकतं; इतर बऱ्याच राज्यांत ठरावीक रकमेपर्यंतच. म्हणजे सारखंच कर्ज आणि सारखंच घर असलेल्या दोन कुटुंबांचा फायदा वेगवेगळा निघतो. कल्पना खरोखर सुरेख आहे. निष्कर्ष असा, की फायदा 1000 डॉलरने वाढला तर अर्ज सुमारे 7 टक्क्यांनी वाढतात. आजारपण आणि बेकारी यांचा मात्र ठळक परिणाम दिसत नाही.

आता शंका. पहिली सोपी आहे: 7 टक्के, पण कशाचे? वर्षाला शंभरात एक कुटुंब अर्ज करत असेल, तर वाढीनंतर आकडा 1.07 होतो, 8 नव्हे. व्हाइट यांनीच 1998 मध्ये दाखवलं होतं की अर्ज केला तर फायदा होईल अशी कुटुंबं सुमारे 15 टक्के होती. प्रत्यक्षात अर्ज करणारी वर्षाला 1 टक्क्याच्या आसपास. मग खरं कोडं ‘लोक फायदा का उचलतात’ हे नाही, ‘इतके लोक का उचलत नाहीत’ हे आहे.

दुसरी शंका पद्धतीची आहे आणि ती नीट समजून घ्या, कारण व्हायवामध्ये हाच प्रश्न येतो. आजारपण आलं, नोकरी गेली, की घरात काय होतं? कर्ज वाढतं, शिल्लक संपते. म्हणजे पेपरच्या व्याख्येनुसार ‘आर्थिक फायदा’च वाढतो. संकटाचा परिणाम ज्या वाटेने जातो तीच वाट तुम्ही कंट्रोल म्हणून समीकरणात टाकलीत, तर संकटाच्या वाट्याला फारसं काही उरणार नाही. तेवढ्यावरून संकटाचा दोष नाही असं म्हणता येत नाही.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेपर दरवर्षी विचारतो: अर्ज केला, की नाही? पण कर्जात बुडालेल्या माणसापुढे प्रश्न ‘कधी’ हा असतो. अर्जानंतर झालेलं कर्ज माफ होत नाही, आणि चॅप्टर 7 खाली एकदा माफी मिळाली की तशी पुन्हा मिळायला आज 8 वर्षं जावी लागतात. घरात उपचार अजून चालू असतील तर आज अर्ज करणं वेडेपणा ठरेल. उद्याची बिलं डोक्यावर राहतील. हे झालं विचारपूर्वक थांबणं. दुसरं थांबणं नाइलाजाचं. टाल ग्रॉस, मॅथ्यू नोटोविडिग्डो आणि जियालान वांग यांनी 2001 आणि 2008 च्या करपरताव्यांचा अभ्यास केला. चेक कोणाला आधी, कोणाला नंतर, हे सोशल सिक्युरिटी नंबरच्या शेवटच्या आकड्यांवर ठरलं होतं. चेक आल्यावर दिवाळखोरीचे अर्ज कमी व्हायला हवेत ना? ते वाढले. वकिलाची फी द्यायला पैसे आले! दिवाळं काढायलाही ऐपत लागते.

वार्षिक डेटात ही दोन्ही थांबणी सारखीच दिसतात: ‘अर्ज नाही’, म्हणजे शून्य.

आणि या शून्याआड माणसं आहेत. फूही, लॉलेस, पोर्टर आणि थॉर्न यांच्या 2018 च्या लेखात अर्जदारांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की ते अर्जाआधी दोन किंवा अधिक वर्षं कर्जाशी झगडत होते. विल डॉबी आणि जे सॉन्ग यांच्या 2015 च्या पेपरात चॅप्टर 13 च्या अर्जदारांना कोणता न्यायाधीश मिळतो या योगायोगाचा उपयोग केला आहे. संरक्षण मिळालेल्यांचं वार्षिक उत्पन्न सरासरी 5562 डॉलरने जास्त आणि पाच वर्षांतलं मृत्युप्रमाण 1.2 टक्के-बिंदूंनी कमी निघालं. हे आकडे ज्यांचा निकाल न्यायाधीशागणिक बदलू शकत होता त्यांचेच आहेत, हे विसरू नका. तरीही उशीर फुकटचा नसतो, एवढं यावरून नक्की वाटतं. लोक गैरफायदा घेतात या युक्तिवादावर 2005 साली अमेरिकेने कायदा कडक केला आणि अर्जाचा खर्च वाढला. पेपरच्या एका ओळीच्या सारांशाचं वजन किती असू शकतं, ते इथे कळतं.

हे मॉडेल भारतावर बसवायचा मोह होईल. थांबा. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. बाकीच्यांसाठी 1909 आणि 1920 चे जुने नादारी कायदेच आहेत. जिथे दारच जेमतेम किलकिलं आहे, तिथे कोणी आत गेलं नाही याचा अर्थ ‘त्याने जायचं नाही असं ठरवलं’ असा लावता येत नाही.

तेव्हा पेपर जरूर वाचा, त्याची फायदा मोजायची रीतही शिका. फक्त तुमच्या डेटातल्या प्रत्येक शून्याला एकदा विचारा: हा माणूस नको म्हणतोय, थांबलाय, की त्याला परवडत नाही?