‘स्मृतिचित्रे’मधील संकटे आणि ख्रिस्ती श्रद्धेचे स्वरूप

प्रस्तावना

मराठी आत्मचरित्रांच्या परंपरेत लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान वादातीत आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची प्रांजळ निवेदनशैली, बोलीभाषेचा सहजपणा आणि निर्मळ विनोद यांची मराठी समीक्षेने पुरेशी दखल घेतली आहे. तथापि, संकटकाळी टिकून राहिलेली श्रद्धा हाही या ग्रंथाचा एक अंतःप्रवाह आहे. अभ्यासक्रमात ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना हा प्रवाह एक तर बाजूला ठेवला जातो, किंवा धर्मांतराची हकीकत एवढ्यापुरताच सांगितला जातो. पहिल्या प्रकारात ग्रंथ केवळ विनोदी संसारकथा ठरतो. दुसऱ्या प्रकारात एका स्त्रीने सोसलेले दुःख धर्मविजयाच्या कथेत विरून जाते. या दोन्ही वाचनांच्या मर्यादा लक्षात घेऊन ‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धेचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकटाचे मूळ

श्रद्धाविषयक लेखनाची एक रूढ मांडणी असते. आधी संकट येते, मग श्रद्धा जागी होते आणि शेवटी संकटाचे निवारण होते. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा क्रमच उलटा आहे. येथे संकट उद्भवते ते श्रद्धेमुळेच. आणि ती श्रद्धाही निवेदिकेची नाही, तिच्या पतीची आहे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या ‘नव्या करारा’चे वाचन नारायण वामन टिळकांच्या जीवनाला कलाटणी देणारे ठरले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय त्यांचा एकट्याचा होता; त्याचे फळ मात्र लक्ष्मीबाईंना आणि लहानग्या दत्तूला भोगावे लागले. अकराव्या वर्षी लग्न झालेली, अपत्यांचे मृत्यू पाहिलेली, कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली ही स्त्री पती जिवंत असताना काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने राहिली. त्यांतील पंढरपूरचा मुक्काम विशेष अर्थपूर्ण आहे. विठ्ठलाच्या नगरीत राहणाऱ्या या स्त्रीचा पती ख्रिस्ताचा झाला होता.

हा विरह दैवी योजनेचा भाग होता असे लक्ष्मीबाईंना सहज म्हणता आले असते. ग्रंथ लिहिताना त्या ख्रिस्ती होत्या आणि मध्ये जवळजवळ चार दशके लोटली होती. तरीही त्या दुःखाला नंतरच्या श्रद्धेची झळाळी देत नाहीत. त्या काळातील राग, लाज आणि भ्रमिष्टपणाच्या सीमेवर पोहोचलेली मनःस्थिती त्या जशीच्या तशी मांडतात. लेखिका म्हणून त्यांचा प्रामाणिकपणा येथे सर्वाधिक जाणवतो.

आचारातून आलेली श्रद्धा

पतीकडे परतल्यानंतरही लक्ष्मीबाईंनी लगेच धर्म स्वीकारला नाही. स्वतंत्र स्वयंपाक, स्वतंत्र पाणी, सोवळे-ओवळे हे सारे त्यांनी ख्रिस्ती पतीच्या सहवासात राहूनही पाळले. पुढे जातिभेद ईश्वराने नव्हे, माणसाने निर्माण केला, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. १९०० मध्ये राहुरी येथे झालेला त्यांचा बाप्तिस्मा या निश्चयानंतरचा आहे. म्हणजे आधी आचार बदलला आणि मग श्रद्धेचा उच्चार झाला. ही श्रद्धा शास्त्रचर्चेतून किंवा साक्षात्कारातून आलेली नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरून आत आली.

यानंतरच्या संकटांतही हेच सूत्र दिसते. दुष्काळात निराधार झालेल्या मुलांना घरात आश्रय देणे, प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करणे, घरखर्चाचे पैसे वाटेतच दुसऱ्याला देऊन येणाऱ्या पतीचा संसार ओढणे, हे त्यांच्या श्रद्धेचे दैनंदिन रूप होय. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हा घरावर पुन्हा एकदा अनिश्चिततेचे सावट आले. टिळकांचा ईश्वरावरील भरवसा निर्व्याज होता, हे लक्ष्मीबाई मान्य करतात. परंतु त्या भरवशाची किंमत घरातील कोणाला तरी मोजावी लागते, हेही त्या हसतहसत नोंदवतात. त्यांचा विनोद ही केवळ शैली नाही. पतीच्या श्रद्धेविषयीचा आदर आणि तिच्या परिणामांविषयीची तक्रार या दोहोंना एकाच वाक्यात सामावून घेण्याची ती युक्ती आहे.

तौलनिक विचार

पंडिता रमाबाईंच्या १९०७ मधील आत्मनिवेदनाशी तुलना केल्यास हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. दुष्काळात आईवडिलांना गमावलेल्या आणि अकाली वैधव्य आलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निवेदनात भोगलेली दुःखे श्रद्धेकडे जाणाऱ्या वाटेवरील टप्पे म्हणून येतात. समग्र जीवनाला एक दिशा लाभते. बायबलमधील ईयोबाच्या कथेतही शेवटी गमावलेल्याची दुपटीने भरपाई होते. ‘स्मृतिचित्रे’मध्ये अशी दिशा ठळक केलेली नाही आणि भरपाईही नाही. गेलेली वर्षे परत येत नाहीत. १९१९ मध्ये टिळकांचे निधन होते आणि लक्ष्मीबाई त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम हाती घेतात. त्या काव्यातील बहुतांश अध्याय त्यांनीच लिहिले. ज्या श्रद्धेने एकेकाळी संसार मोडला, तिचेच काव्य त्यांच्या हातून साकारावे, यातील विरोधाभास आत्मचरित्र वाचल्यावरच पूर्णपणे उमगतो.

या दृष्टीची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. निरपराध माणसाला दुःख का, हा ईयोबाचा प्रश्न लक्ष्मीबाई ईश्वराला थेट विचारत नाहीत. विनोद काही प्रसंगी त्या प्रश्नाला बगल देतो. अपत्यवियोगासारख्या ठिकाणी वाचकाला जे जाणून घ्यावेसे वाटते, ते निवेदनाच्या वेगात मागे राहते. चिंतनाची ही उणीव मान्य करूनही असे म्हणता येईल की, प्रश्नाचे तयार उत्तर देण्यापेक्षा हे मौन अधिक विश्वसनीय आहे.

निष्कर्ष

‘स्मृतिचित्रे’मधील ख्रिस्ती श्रद्धा संकटापासून संरक्षण देत नाही, संकटाचे समर्थनही करीत नाही. ती संकटानंतर करावयाच्या कामांतून प्रकट होते. एकाची श्रद्धा दुसऱ्याचे दुःख होऊ शकते, आणि त्या दुःखातून गेलेली व्यक्ती स्वतःच्या विचाराने त्याच श्रद्धेपर्यंत पोहोचू शकते; या दोन्ही गोष्टी हा ग्रंथ एकाच वेळी सांगतो. त्यांतील एक वगळून केलेले अध्यापन अपुरे ठरेल. धर्मांतर हा विषय निघताच समर्थन किंवा निषेध एवढेच पर्याय उरत असतील, तर लक्ष्मीबाईंच्या लेखनातील हा समतोल विद्यार्थ्यांसमोर ठेवणे ही मराठीच्या अध्यापकांची जबाबदारी होय.