पात्रांवाचून कादंबरी

मी नगररचनेतला जाणकार नव्हे. मॅट्रिक झालेला मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. ‘द ट्रुमन शो’ (१९९८) या चित्रपटातले खोटे गाव फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर खरोखरच उभे आहे, असे कळले तेव्हा त्याचा आराखडा मी कादंबरीसारखाच वाचला. गावाचे नाव सीसाइड. रॉबर्ट डेव्हिस यांनी आजोबांकडून आलेल्या ८० एकरांवर ते १९८१ च्या सुमारास वसवायला घेतले. आराखडा आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क या दांपत्याचा.

रचना म्हणाल तर मोठी देखणी! अरुंद रस्ते, लाकडी घरे आणि घराला ओसरी. बसल्या जागेवरून वाटसरूशी चार शब्द बोलता यावेत म्हणून. दुकानांच्या माथ्यावर बिऱ्हाडे, टपालकचेरी चालत जाण्याजोगी. अंगणात हिरवळ लावायची नाही, तिथली मूळची झुडपेच राखायची. घरे वाळूच्या टेकड्यांच्या आड; १९९५ च्या ‘ओपल’ वादळात त्या आडोशाने गाव बचावले. आमच्या किनाऱ्यावर बंगले उठवणाऱ्यांनी एवढे जरी वाचले तरी पुरे.

पण पात्रे कुठे आहेत? किमती चढत गेल्या आणि बहुतेक घरे सुटीपुरती भाड्याने जाऊ लागली. आज ओसरीवर दिसलेला गृहस्थ पुढच्या आठवड्यात नसतो. चित्रपटातले शेजारी पगारी नट होते खरे, पण रोज तेच तरी असत! १९९६ साली गावात शाळाही निघाली. तिथल्या मास्तराने बिऱ्हाड कुठे शोधावे? मला शाळेतून घरी परतताना तीन ओसऱ्यांवरून हाका येतात, आणि चहाला हमखास उशीर होतो.