दोन बँजो

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि लग्नसराईत त्यातल्या एखाद्यावर तरी वरात अडकलेली असतेच. पुढं हलगी, मागं टेम्पोवर भोंगे आणि जनरेटर, मधे बँजो. "माहूरगडाचं वाजवा की!" अशी फर्माईश येते. वादक तिथल्या रेणुकादेवीच्या गोंधळाची चाल उचलतो आणि नाचणारी पोरं उधळतात. मी मात्र तिथं नुसता उभा राहून ऐकतो.

ही चाल मुळात गळ्याची. नांदेडकडचा गोंधळी ती म्हणतो तेव्हा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. खाली संबळ घुमत असतो, तुणतुण्याची एकुलती तार थांबत नाही. बँजोला ही घसरण जमत नाही. कळ दाबली की सूर ठरला; दोन कळांमधली वाट बंद. शिवाय छेडलेला सूर लगेच विझतो. म्हणून वादक एकाच सुरावर नखीचे वार इतके दाट करतो की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा तो लांबतो. गोंधळी जिथं घसरतो तिथं हा शेजारची कळ चुटकन शिवून परततो. गळ्यातला हंबरडा तारेवर थरथर होऊन येतो. जाणकार याला गोंगाट म्हणतात. म्हणोत. वाद्याच्या उणिवेतून निघालेली ही चव मला मूळ चालीत मिळत नाही.

आणि हा बँजो मुळात बँजोच नाही. 1912 मध्ये नागोयात तयार झालेल्या ताइशोगोतो या जपानी वाद्याचा हा वंशज, आपला बुलबुलतरंग. टाइपरायटरसारख्या कळा आणि वर विजेची जोड. नावाचा खरा मालक आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत पोचला आणि पुढं तिथल्या खेड्यातल्या गाण्याचा सोबती झाला. 1972 साली ईगल्स या अमेरिकी रॉक बँडच्या 'टेक इट ईझी'त तो बर्नी लेडनच्या हातात आहे. गिटारींच्या मागून तुरुतुरु पळतो, कारण त्याचाही सूर टिकत नाही; बोटं थांबली की पोकळी. अडचण तीच, तोडगाही त्याच जातीचा.

तिकडं गावाकडच्या गाण्याला रॉकची वीज जोडण्याचा उद्योग आधीच सुरू झाला होता. 1968 मध्ये बर्ड्‌स ही रॉकवाली मंडळी त्यांच्यात नव्यानं आलेल्या ग्रॅम पार्सन्सच्या नादानं नॅशव्हिलला, त्या गाण्याच्या माहेरी, गेली. 15 मार्चला 'ग्रँड ओल ऑप्री' या तिथल्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या मंचावर त्या केसाळ पोरांचं स्वागत थंडच झालं. 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' ही तबकडी ऑगस्टमध्ये आली. रॉकच्या चाहत्यांना ती गावंढळ वाटली आणि फारशी खपली नाही. तिच्यातल्या पहिल्याच गाण्याची सुरुवात ऐका. लॉइड ग्रीनची पेडल स्टील गिटार. पोलादी कांडी तारांवर सरकते, पायाखालची पट्टी तारेचा ताण बदलते. बाकीचे सूर जागेवर आणि त्यातला एकच हळूच वर चढतो. मींड, म्हणजे सुरांची घसरण, ऐकत वाढलेल्या कानाला हे परकं कसं वाटावं? आपला बँजो जे हरवून बसला ते या यंत्राला सापडलंय. आमच्या गोंधळ्याला मला ही गिटारच जवळची वाटते. पुढं ईगल्सनी सगळं घोटून इतकं गुळगुळीत केलं की सांधाच दिसेना. खप अफाट झाला, पण माझं मन त्या आधीच्या खडबडीत तबकडीवरच.

  

इकडं लातुरात वरात दाराशी पोचते, जनरेटर बंद होतो. भोंगे एकदम मुके. वादकाचा हात मात्र लयीतच असतो, तो आणखी दोन आवर्तनं वाजवत राहतो. विजेवाचून बँजोचा आवाज अगदी बारीक. थेट तुणतुण्यासारखा.