विद्यार्थ्याचा सन्मान आणि पुरस्काराचे नाव : रॉजर क्लेमेन्स पुरस्काराची चिकित्सा

प्रस्तावना

पुरस्कार हे मूल्यमापनाचेच एक रूप होय. एखाद्या पुरस्काराची चर्चा करताना तो कोणास मिळाला व कोणत्या निकषांवर मिळाला, हे आपण पाहतो. तो कोणाच्या नावाने दिला जातो, हा प्रश्न मात्र औपचारिक समजून बाजूला ठेवला जातो. वास्तविक पुरस्काराचे नाव हा संस्थेने दिलेला पहिला निर्णय असतो. विजेत्याची निवड हा त्यानंतरचा. अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये सर्वोत्कृष्ट पिचरला पूर्वी दरवर्षी दिल्या गेलेल्या पुरस्काराच्या आधारे या पहिल्या निर्णयाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुरस्काराची पार्श्वभूमी

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. क्रिकेटमध्ये दर षटकाला गोलंदाज बदलतो. पिचर मात्र बदली खेळाडू येईपर्यंत सलग चेंडू फेकत राहतो. साहजिकच सामन्याच्या यशापयशाचा मोठा भार त्याच्यावर असतो. अशा विद्यार्थी-खेळाडूंचा स्वतंत्र गौरव व्हावा, या भूमिकेतून २००४ मध्ये रॉजर क्लेमेन्स पुरस्कार सुरू झाला. पहिला मानकरी होता लाँग बीच स्टेटचा जेरेड वीव्हर. त्या हंगामात त्याने १५ सामने जिंकले, केवळ एक गमावला आणि २१३ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. २००७ मध्ये हा मान वँडरबिल्ट विद्यापीठाच्या डेव्हिड प्राइसला मिळाला. त्याच्या नावावर ११ विजय, एक पराभव व १९४ स्ट्राइकआउट होते.

क्लेमेन्स यांचे नाव त्या वेळी स्वाभाविक वाटावे असेच होते. टेक्सास विद्यापीठाच्या संघातून खेळताना १९८३ मध्ये त्यांनी महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले होते. व्यावसायिक बेसबॉलमध्ये त्यांनी ३५४ विजय व ४६७२ स्ट्राइकआउट नोंदवले. सर्वोत्कृष्ट पिचरसाठीचा साय यंग पुरस्कार त्यांना सात वेळा मिळाला. त्यांपैकी सातवा २००४ चाच. म्हणजे ज्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला, ते केवळ हयातच नव्हते, तर मैदानावर खेळतही होते.

नामकरणाच्या तीन रीती

या क्षेत्रातील इतर पुरस्कारांशी तुलना केल्यास नामकरणाच्या तीन रीती आढळतात. पहिली रीत दिवंगत व्यक्तीच्या नावाची. ५११ विजय मिळवणारे साय यंग १९५५ मध्ये निवर्तले आणि १९५६ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. महाविद्यालयीन खेळाडूंसाठीचा डिक हाउझर करंडकही हाउझर यांच्या निधनाच्या वर्षी, म्हणजे १९८७ मध्ये, अस्तित्वात आला. दुसरी रीत वस्तूच्या नावाची. १९७८ पासून दिला जाणारा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार खेळाडूच्या खिळ्यांच्या बुटांवरून ओळखला जातो. तिसरी रीत हयात व्यक्तीच्या नावाची. क्लेमेन्स पुरस्कार या तिसऱ्या प्रकारात मोडतो. त्यात आकर्षण सर्वाधिक आणि जोखीमही सर्वाधिक, कारण येथे अपूर्ण चरित्रालाच पूर्ण आदर्शाचे स्थान दिले जाते.

मिचेल अहवाल व त्यानंतर

ही जोखीम लवकरच प्रत्यक्षात आली. माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांनी व्यावसायिक बेसबॉलमधील उत्तेजक द्रव्यांच्या वापराविषयीचा अहवाल १३ डिसेंबर २००७ रोजी प्रसिद्ध केला. त्यात क्लेमेन्स यांचे नाव होते. त्यांनी आरोप नाकारले. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे शपथेवरही त्यांनी तेच सांगितले. या साक्षीत खोटे बोलल्याबद्दल २०१० मध्ये त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आले; जून २०१२ मध्ये सर्व आरोपांतून ते निर्दोष सुटले. तथापि, हॉल ऑफ फेमसाठी २०१३ ते २०२२ या काळात दहा वेळा झालेल्या मतदानात त्यांना आवश्यक ७५ टक्के मते कधीच मिळाली नाहीत. अखेरच्या वर्षी ती ६५.२ टक्के होती.

दरम्यान, कॉलेज बेसबॉल फाउंडेशनतर्फे २००९ पासून या क्षेत्रातील सन्मान 'नॅशनल पिचर ऑफ द इयर' या नावाने दिला जाऊ लागला. या नावात काव्य नाही, परंतु त्यात कोणाचे चरित्रही गुंतलेले नाही.

येथे क्लेमेन्स दोषी होते की नव्हते, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. न्यायालयाने आपला निर्णय दिला, मतदारांनी आपला दिला, आणि ते दोन्ही परस्परांशी जुळत नाहीत. प्रश्न आहे तो विद्यार्थ्याचा. प्राइसने आपल्या हंगामात जे कमावले त्याचा मिचेल अहवालाशी काडीचाही संबंध नव्हता. तरी पुरस्कार मिळाल्यानंतर काही महिन्यांतच त्यावरील नाव वादग्रस्त ठरले. दुसऱ्याच्या प्रतिष्ठेतील चढउतार विद्यार्थ्याने का सोसावेत, या प्रश्नाचे उत्तर नामकरण करणाऱ्यांनी दिले पाहिजे.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की, दिवंगतांची नावेही सुरक्षित नसतात. हा आक्षेप रास्त आहे. व्यावसायिक बेसबॉलमधील सर्वात मौल्यवान खेळाडूच्या पुरस्कारफलकावर माजी आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांचे नाव असे. त्यांचे निधन १९४४ मध्ये झाले. त्यांच्या कारकिर्दीत कृष्णवर्णीय खेळाडूंना मुख्य स्पर्धांचे दरवाजे बंदच होते. या कारणास्तव बेसबॉल लेखकांच्या संघटनेने २०२० मध्ये ते नाव हटवले. मात्र दोन्ही घटनांत महत्त्वाचा फरक आहे. लँडिस यांच्याबाबतीत नवे काही घडले नव्हते. बदलली होती ती समाजाची मूल्यदृष्टी, आणि संघटनेने चर्चा व मतदान करून आपली भूमिका उघडपणे नोंदवली. क्लेमेन्स यांच्याबाबतीत ज्या कारकिर्दीचा गौरव करायचा तीच पूर्ण व्हायची होती. पहिल्या प्रसंगी इतिहासाचे पुनर्मूल्यांकन झाले. दुसऱ्या प्रसंगी मूल्यांकनच मुदतीपूर्वी उरकले गेले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, पुरस्काराचे नाव हे केवळ लेबल नसून आदर्शाविषयीचे विधान असते. दोन, हयात व कार्यरत व्यक्तीचे नाव देताना संस्था तिच्या भविष्याची हमी घेते; अशी हमी घेण्याचा अधिकार कोणालाच नसतो. तीन, नाव बदलावे लागले तर त्यामागील कारणमीमांसा जाहीर करणे हे संस्थेचे पूर्वीच्या मानकऱ्यांप्रती कर्तव्य ठरते. वीव्हरचे २१३ स्ट्राइकआउट नाव कोणतेही असले तरी २१३ च राहतात. विद्यार्थ्याच्या कर्तृत्वाला उसन्या तेजाची गरज नसते, हे ज्या पुरस्कारास उमगते तोच दीर्घकाळ टिकतो.