स्वस्त संगणक, पण कोणासाठी?

२०२२च्या जुलैत गेवराईहून चुलतभावाचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरला होता. आमच्याकडे कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचं बघायचं, असा हिशेब असतो. काका रोज सकाळी ते पतंग मोजतात. भावाला सापळ्यावर कॅमेरा बसवून हे काम संगणकाकडून करून घ्यायचं होतं आणि त्यासाठी रास्पबेरी पाय हवा होता. "दादा, पुण्यात बघ ना. इकडं कुठंच मिळंना," तो म्हणाला.

पुण्यातही मिळेना. ऑनलाइन सगळीकडे 'स्टॉक संपला'. शेवटी एका दुकानात ४ जीबीचा पाय ४ सापडला. दुकानदाराने ११ हजार सांगितले. कंपनीची जाहीर किंमत होती ५५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेचार हजारांच्या आत. कर आणि वाहतूक धरली तरी हिशेब जुळत नव्हता. आम्ही तो घेतला नाही.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रास्पबेरी पाय म्हणजे एटीएम कार्डाएवढ्या बोर्डावरचा अख्खा संगणक. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो ३५ डॉलरला बाजारात आला. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका धर्मादाय संस्थेने तो मुलांसाठी बनवला. एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं निरीक्षण असं होतं की, विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना पूर्वीसारखं प्रोग्रॅमिंग येत नाही, कारण बिनधास्त मोडतोड करता येईल असा संगणक घरात उरलेला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या लहानपणीचा बीबीसी मायक्रो होता. तोच बीबीसी मायक्रो १९८४ पासून 'क्लास' प्रकल्पातून भारतातल्या काही शाळांतही आला होता.

पस्तीस डॉलरचा आकडा आपल्यालाही नवा नाही. जुलै २०१० मध्ये कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या टॅब्लेटचा नमुना दाखवला होता. पुढे त्यातून 'आकाश' आला आणि हातात घेणाऱ्या बहुतेकांची निराशा करून गेला. पायचं तसं झालं नाही. तो खरोखर चालला, म्हणूनच त्याच्याबद्दल तक्रार करावीशी वाटते.

तो इतका चालला की कारखान्यांनी उचलला. जाहिरातींचे पडदे, यंत्रांचे नियंत्रक, चार्जिंगची उपकरणं, अशा कितीतरी वस्तूंच्या पोटात पाय बसू लागला. मग २०२१ मध्ये जगभर चिपची टंचाई आली. ऑक्टोबरमध्ये कंपनीने पहिल्यांदाच किंमत वाढवली. २ जीबीचा पाय ४ ३५ डॉलरचा ४५ झाला. पुढे एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केलं की, उपलब्ध माल आधी उद्योगांना दिला जाईल, कारण त्यावर लोकांची पोटं अवलंबून आहेत.

हा युक्तिवाद खोटा नाही. दहा माणसांचं वर्कशॉप पायवर उभं असेल आणि सहा महिने माल आला नाही, तर दहा घरं अडचणीत येतात. मी त्या जागी असतो तर कदाचित हेच केलं असतं. माझा आक्षेप वेगळा आहे. टंचाईबद्दलची सगळी भाषा पावसाबद्दल बोलावं तशी आहे: पडला नाही, काय करणार? आम्ही बीडची माणसं हे वाक्य ऐकत मोठे झालो. दुष्काळ आभाळातून येतो हे कबूल, पण टँकर आधी कुठल्या वस्तीवर जाणार, हे माणूस ठरवतो.

उद्योगांनंतर जी रांग उरली तिचं नाव होतं 'एकेक नग घेणारे'. दुकानांनी माणशी एकच नग अशी मर्यादाही घातली. पण या रांगेत कोण कोण होतं? घरी आधीच चार पाय असलेला हौशी, स्टॉक येताच आपोआप खरेदी करणारा प्रोग्रॅम लावून बसलेला दलाल, आणि कॉलेजच्या वाय-फायवर दिवसातून दोनदा पान उघडणारा माझा भाऊ. शिकणाऱ्यासाठी वेगळी रांग मला तरी कुठे सापडली नाही. ज्याच्या नावाने हे यंत्र जन्माला आलं, त्याची गणना शेवटी 'किरकोळ ग्राहक' अशी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने एक लाख नग सुट्या विक्रीसाठी सोडले आणि २०२३ मध्ये पुरवठा सुधारला. तोवर भावाचं वर्ष संपलं होतं.

पर्याय होते, असं कोणी म्हणेल. ईएसपी३२ काही शे रुपयांत मिळतो आणि पंप चालू-बंद करायला उत्तम आहे. पण त्याच्यावर प्रोग्रॅम चढवायला दुसरा संगणक लागतो. पायला टीव्ही, कीबोर्ड जोडला की तो स्वतःच संगणक असतो. ज्या घरात लॅपटॉप नाही, तिथे हा फरक फार मोठा आहे. भावाने शेवटी माझ्या जुन्या फोनने फोटो काढले आणि लॅबमधल्या पीसीवर पतंग मोजले. त्याला मार्क चांगले मिळाले. सापळ्यावर मात्र काही बसलं नाही.

जून २०२४ मध्ये कंपनीचे शेअर लंडनच्या बाजारात आले. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा भाववाढ झाली. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी म्हणून मेमरी महागली आणि ४ जीबीचा पाय ५ ६० डॉलरवरून ७० वर गेला. १ जीबीचा पाय ४ मात्र तेव्हा ३५ डॉलरलाच ठेवला, आणि त्याचं कौतुक झालं. पण २०१२ मध्ये ३५ डॉलर म्हणजे सुमारे १,७०० रुपये होते, डिसेंबर २०२५ मध्ये सुमारे ३,१५० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय चार्जर, मेमरी कार्ड, केबल. डॉलरमध्ये पाळलेला शब्द गेवराईत पोचेपर्यंत जवळपास दुप्पट झालेला असतो.

म्हणून स्वस्त संगणकाची पुढची घोषणा वाचताना मी आकडा शेवटी बघणार आहे. माल कमी पडला तर शिकणाऱ्यासाठी किती राखून ठेवणार, हे त्यात लिहिलंय का, ते आधी बघेन. काकांनी या हंगामातही पतंग हातानेच मोजले.