सागरावरील पंगत

चकलांब्यासारख्या गांवीं बसून आगबोटीवरील पाहुणचाराची चिकित्सा करावयास निघणें हें वाचकांस प्रथमदर्शनीं विनोदाचें वाटेल. गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, एवढाच काय तो आमचा मोठ्या पाण्याशीं संबंध. समुद्र शेंकडों किलोमीटर दूर. तथापि प्रस्तुत लेखकाचें तारुण्य नोकरीनिमित्त मुंबईंत गेलें, तेथें सागराचें वेड लागलें, आणि निवृत्तीनंतर गांवीं परतल्यावरहि तें सुटलें नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत मुंबईहून गोवें, कोची, लक्षद्वीप या बाजूस जाणाऱ्या विहारनौकांवर सात वेळां जाणें झालें. सातवी सफर निराशेची ठरली. ही निराशा नेमकी कशाची, हें तपासून पाहणें एवढाच या लेखाचा हेतु आहे. नौकेचें नांव मुद्दाम देत नाहीं. कारण दोष एका नौकेपेक्षां एका पद्धतीचा आहे, असें आम्हांस वाटतें.

आधीं अन्नाविषयीं. भोजनगृहांत चाळीसांवर पदार्थ मांडलेले होते. त्या संख्येनें डोळे दिपले, जिभेस मात्र कांहींच गवसलें नाहीं. भात कोमट, वरणांत साखर सढळ हातानें पडलेली, आणि ‘महाराष्ट्रीय’ अशी पाटी लावलेल्या भांड्यांतील पिठल्यास फोडणीचा वासहि नव्हता. ज्वारीवर वाढलेल्या बीडकरास भाकरीची पारख शिकवावी लागत नाहीं. तव्यावरून उतरतांच तिचा पापुद्रा सुटतो. गार झाली कीं ती चिवट होते, आणि गरम असतांनाच झांकून ठेविली कीं घामेजते. नौकेवरील भाकरी एकाच वेळीं चिवट आणि घामेजलेली होती! हजारों माणसांचा स्वयंपाक कित्येक तास आधीं करून तो ऊन ठेवावा लागतो, ही अडचण आम्ही जाणतों. परंतु मग जे पदार्थ तव्यावरून थेट पानांतच यावयास हवेत, त्यांची पाटी तरी कां लावावी? दहा पदार्थ नीट रांधण्यापेक्षां चाळीस पदार्थ नुसते मांडण्यांत ज्या पाकशाळेस भूषण वाटतें, तिला खाणाऱ्याच्या तृप्तीपेक्षां जाहिरातींतील चित्राची काळजी अधिक आहे, असेंच म्हणावें लागेल.

सेवेचीहि तीच कथा. न्याहारीस अर्धा तास रांग. खोलींतील घंटेस उत्तर नाहीं. तक्रार करावी तर शिकविलेलें स्मित आणि पाठ केलेलें एक वाक्य पदरांत पडावयाचें.

यावर कोणी म्हणेल कीं, पूर्वींच्या आगबोटींवर काय सुख होतें? सुख नव्हतेंच. सुमारें १९७५ सालीं आम्ही भाऊच्या धक्क्यावरून कोंकण बोटीनें प्रथम पणजीस गेलों. डेकवर वळकटी पसरली, आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत, तेलाचा व सुक्या मासळीचा वास सोशीत गेलों. १९०६ सालीं निघालेल्या ज्या कंपनीस लोक आपुलकीनें ‘माझी आगबोट’ म्हणत, तिचीच ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजीं रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. सुखरूप पोंचविणें हा नौकेचा पहिला धर्म होय, याचें भान जेवणाची तक्रार करणाऱ्यानेंहि सोडूं नये. परंतु त्या कोंकण बोटीवर दशमी-चटणीची पुरचुंडी आपण सोबत नेत असूं. बोटीनें जेवणाचें वचन दिलेंच नव्हतें, म्हणून निराशाहि नव्हती. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हां आपला आचार व शाकाहार त्यांना स्वतःच्याच निग्रहानें सांभाळावयाचा होता. आजची नौका मात्र उतारूस ‘पाहुणा’ म्हणते आणि त्या शब्दाचें मोल आगाऊ घेते. तेव्हां तो शब्द पाळला गेला कीं नाहीं, हाच तिच्या परीक्षणाचा खरा निकष होय.

या सफरींत आमची वडील बहीण आक्का बरोबर होती. सत्तरी उलटेपर्यंत तिनें समुद्र पाहिलेला नव्हता. प्रवासांत एकादशी येत होती. तिला उपासाचें लागेल, असें आम्ही महिनाभर आधीं लिहून दिलें होतें. त्या दिवशीं तिच्यापुढें तळलेले बटाटे आले, आणि त्यांवर लसणाची पूड! आमचा संयम सुटला. वाढणाऱ्या पोरास चारचौघांत आम्ही नको तें बोललों. तो मान खालीं घालून उभा होता. आक्कानें ताट बाजूस सारलें, त्याच्याकडे पाहिलें आणि विचारलें, “लेकरा, तूं जेवलास का?”

पोरगा सिंधुदुर्गाकडचा होता. पहांटे पांचपासून तो उभा होता, आणि पंगत उठल्यावर त्याला जेवावयास मिळणार होतें. तासाभरानें तो स्वतः होऊन दोन केळीं आणि ऊन दुधाचा पेला घेऊन आला. सबंध सफरींत आक्कास मिळालेला खरा पाहुणचार तेवढाच.

पूर्वीं विलायती आगबोटींवर गोमंतकीय आचारी व वाढपी यांचा मोठा लौकिक होता. तेव्हां आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातांत गुण नाहीं, असें कोण म्हणेल? २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार २०१३ पासून अमलांत आहे, आणि भारतानें तो २०१५ सालीं स्वीकारला. विश्रांतीचें त्यांतील माप २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास असें आहे. म्हणजे तें माप पाळूनहि एखाद्या दिवशीं चौदा तास राबवितां येतें! चौदाव्या तासाला ज्या चेहऱ्यावर हसूं हवें असतें, तेथें पाठ केलेलें वाक्यच येणार. हात थोडे ठेवून पदार्थ वाढविणें ही मालकांची निवड आहे. तिचें प्रायश्चित्त मात्र वाढप्यानें घ्यावयाचें आणि उपाशी उतारूनें.

येथें आमचाहि अपराध कबूल केला पाहिजे. आमच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं दसऱ्यानंतर हजारों कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात. परमुलखांत राबणाऱ्यास कोणी जेवणाचें विचारलें तर काय वाटतें, हें बीडच्या माणसास ठाऊक नसेल तर कोणास असेल? आक्कास तें आठवलें. सात सफरींचा अनुभव मिरविणाऱ्या आम्हांस आठवलें नाहीं.

सारांश, अन्न निकृष्ट होतें आणि सेवा अपुरी होती, हा आमचा अभिप्राय कायम आहे. नौकेच्या चालकांनीं पदार्थ निम्मे करावे, माणसें वाढवावीं, आणि उतारूनें आधीं लिहून दिलेलें निदान एकदां वाचावें. हें पत्र त्यांना पाठविलें आहे. त्यांत त्या पोरावर कांहींहि ठपका नाहीं, असें आक्काच्या सांगण्यावरून वेगळ्या ओळींत लिहिलें आहे.